ग्रहांचा गोंधळ

दिवाळी जवळ आली की घरातल्या ज्या वस्तूला सर्वांत अधिक हात लागतात, ती म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर. फराळाच्या डब्यांचा नंबर त्याच्यामागून लागतो. वसुबारस कोणत्या वारी आली, नरकचतुर्दशीला पहाटे किती वाजता उठायचे, भाऊबीज रविवारी आहे की कामाच्या दिवशी, असे नाना प्रश्न त्या एका कागदाला विचारले जातात आणि तो बिचारा सगळ्यांची उत्तरे देतो. त्या उत्तरांवर आपला विश्वासही किती! लक्ष्मीपूजनाच्या रात्री चंद्र खरोखरच उगवला नाही ना, हे पाहायला गच्चीवर गेलेला गृहस्थ मला आजवर भेटलेला नाही. २०२४ साली लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला करायचे की १ नोव्हेंबरला, ह्यावर देशभर केवढा काथ्याकूट झाला! पण तो वाद शास्त्रार्थाचा होता. अमावास्या ३१ तारखेच्या दुपारी लागते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपते, हे भांडणाऱ्यांनाही मान्य होते. शास्त्री शास्त्र्यांशी भांडले. चंद्राशी कोणी भांडले नाही.

ह्या विश्वासाचे बाळकडू मला घरातच मिळाले. माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. दिवसभर ते सरकारी कागद काळे करीत आणि रात्री जेवणे आटोपली की कंदिलापाशी पाटी घेऊन ग्रहणाचे गणित मांडीत. लॉगॅरिदमच्या कोष्टकांचे एक जीर्ण पुस्तक त्यांच्याजवळ होते. त्याला आम्हां मुलांनी हात लावलेला त्यांना खपत नसे. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाची आमच्या गावची वेळ त्यांनी अशीच घरी काढली होती. त्या दिवशी अंगणात पुठ्ठ्याला भोक पाडून सूर्याचे बिंब भिंतीवर घेतले होते, आणि आम्ही सगळे हातातल्या घड्याळाकडे पाहत उभे होतो. त्यांनी सांगितलेल्या मिनिटाला त्या बिंबाची कड किंचित चेपली. वडील काही बोलले नाहीत. फक्त चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. “माणसे भीड धरतात, ग्रह धरीत नाहीत,” हे वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे. दुसरे वाक्य होते, “आधी वेध, मग गणित.” पहिले वाक्य मला फार आवडे. दुसऱ्याकडे माझे कधी फारसे लक्ष गेले नाही.

त्यांचे दैवत म्हणजे व्यंकटेश बापूजी केतकर. १८५४ साली नरगुंदला जन्मलेले हे गृहस्थ शाळामास्तर होते. मुलांना शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी ‘ज्योतिर्गणिता’सारखा ग्रंथ लिहिला. जुन्या ग्रंथांवरून काढलेली पंचांगे आणि प्रत्यक्ष आकाश ह्यांत अंतर पडत चालले होते, आणि ते दूर करण्यासाठी महाराष्ट्रात मोठी चळवळ उभी राहिली होती. लोकमान्य टिळकांनीही पंचांगशोधनाचा पुरस्कार केला होता. चित्रापक्ष आणि रैवतपक्ष असे दोन तट पडले, घरोघर हमरीतुमरी झाली. पण आकाशात दिसते तेच कागदावर उतरले पाहिजे, ह्याबद्दल दोन्ही पक्षांत दुमत नव्हते. ह्या केतकरांनी १९११ साली फ्रान्समधल्या खगोल मंडळाच्या पत्रिकेत एक लेख प्रसिद्ध केला. गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांत जसा एक मेळ आहे, तसाच मेळ नेपच्यूनच्या पलीकडे धरला तर तिथे एक ग्रह असला पाहिजे, आणि त्याला सूर्याभोवती फिरायला सुमारे २४२ वर्षे लागली पाहिजेत, असे त्यांनी मांडले. १९३० साली अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ ह्या तरुणाला प्लुटो सापडला. त्याची फेरी सुमारे २४८ वर्षांची निघाली. त्याच वर्षी केतकर वारले. प्लुटो फारच हलका निघाल्यामुळे ह्या जुळण्याला शास्त्रज्ञ आज योगायोग मानतात. पण वडिलांपुढे असे म्हणण्याची आमची छाती नव्हती.

वडिलांच्या त्या विश्वासाला मोठी परंपरा होती. न्यूटनने १६८७ साली गुरुत्वाकर्षणाचा नियम जगापुढे ठेवला आणि ग्रहांच्या हालचाली गणिताच्या कक्षेत आल्या. तरी त्याच्या मनात एक शंका राहिलीच होती. सूर्य सर्वांना ओढतो हे खरे, पण ग्रहही एकमेकांना थोडथोडे ओढतात. ही ओढाताण साचत गेली तर एके दिवशी सगळी मांडणीच बिघडणार नाही का? ती पुन्हा नीट बसवावी लागेल, असे त्याला वाटे. पुढे शंभर वर्षांनी फ्रान्सच्या लाप्लासने ह्या शंकेचे बरेचसे निरसन केले. गुरूची चाल वाढते आहे आणि शनीची मंदावते आहे, असे जुन्या नव्या वेधांवरून दिसत होते, आणि त्यामुळे लोक काळजीत होते. लाप्लासने दाखवून दिले की हा सुमारे ९०० वर्षांचा एक हेलकावा आहे. गेलेली चाल परत येते. मग त्याला एवढा भरवसा आला, की १८१४ साली त्याने लिहिले : विश्वातल्या प्रत्येक कणाची आजची जागा आणि गती जिला ठाऊक आहे अशी एखादी बुद्धी असेल, तर तिला भूत आणि भविष्य दोन्ही सारखीच उघडी दिसतील. आमच्या वडिलांनी लाप्लास वाचला नव्हता. पण दोघांची गाठ पडती तर दोघांचे चांगले जमले असते.

ह्या घरंदाज विश्वासाला सुरुंग लावला तो माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने. ही मुलगी परदेशात एका वेधशाळेत संशोधन करते. लघुग्रह, उपग्रह, बटुग्रह अशा सूर्यमालेतल्या लहानसहान मंडळींच्या कक्षांचा अभ्यास, हा तिचा विषय. तीन वर्षांपूर्वी ती दिवाळीला घरी आली होती. शेजारचे अण्णा फराळाला आले, आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी विचारले, “काय गं, सूर्यमालेत आता शोधायचे असे राहिलेय काय? सगळे पंचांगात असतेच की!” पोरगी हसली. म्हणाली, “अण्णा, पंचांग हजार वर्षांचे मागा, देता येईल. दहा लाख वर्षांचे मागा, तेही बहुतेक जमेल. पण दहा कोटी वर्षांचे मागाल, तर आम्ही हात जोडू. पृथ्वी तेव्हा आपल्या वाटेवर कोणत्या ठिकाणी असेल, हे कोणालाच सांगता येणार नाही.” अण्णांनी चकली खाली ठेवली. मीही जरा सावरून बसलो.

मग तिने जी हकिकत सांगितली ती मला एखाद्या कादंबरीसारखी वाटली. स्वीडन आणि नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर ह्याची साठी १८८९ च्या जानेवारीत यायची होती. त्या निमित्ताने गणिताची एक बक्षीस-स्पर्धा लावली होती. प्रश्न न्यूटनचाच : अनेक गोल एकमेकांना ओढीत असता त्यांची पुढची वाटचाल कायमची सांगता येईल काय? बक्षीस फ्रान्सच्या आंरी प्वांकारेला मिळाले. निबंध छापूनही झाला. छापण्यापूर्वी तो वाचणाऱ्या फ्रागमेन नावाच्या तरुण गणितज्ञाने काही ठिकाणी शंका विचारल्या होत्या. त्यांची उत्तरे देता देता प्वांकारेला आढळले की एका ठिकाणी आपली फार मोठी चूक झाली आहे. छापलेल्या प्रती परत गोळा करण्यात आल्या. नव्या छपाईचा खर्च प्वांकारेने सोसला. आणि तो बक्षिसाच्या अडीच हजार क्रोनरपेक्षा हजाराहून अधिक भरला! पण १८९० मध्ये जो दुरुस्त निबंध निघाला, त्याने गणिताला एक नवेच दालन उघडून दिले. तीनच गोल घेतले तरी त्यांच्या वाटा कधी कधी अशा गुंतत जातात की सुरुवातीतला केसाएवढा फरक पुढे डोंगराएवढा होतो, हे त्यात प्रथम दिसले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नियम कुठे मोडत नाही. ग्रह मनाला येईल तसे धावू लागतात, असेही नाही. प्रत्येक पावलाला न्यूटनचे गणित लागू असते. अडचण असते ती आपल्या मापाची. पॅरिसच्या जाक लास्कार ह्या शास्त्रज्ञाने १९८९ साली सूर्यमालेचे २० कोटी वर्षांचे गणित संगणकावर केले. त्याच्या समीकरणांत सुमारे दीड लाख पदे होती. त्याने एक हिशेब मांडून दाखवला. पृथ्वीची आजची जागा सांगताना तुमची पंधरा मीटरची चूक झाली, असे समजा. पंधरा मीटर म्हणजे चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर. एक कोटी वर्षांनी ही चूक होते दीडशे मीटर. फार काही नाही! पण दर कोटी वर्षांनी ती दसपट होत जाते. दहा कोटी वर्षांनी ती पंधरा कोटी किलोमीटर होते, आणि पृथ्वीपासून सूर्य आहेच मुळी पंधरा कोटी किलोमीटरवर. म्हणजे पत्ता ‘सूर्याच्या आसपास कुठेतरी’ इतकाच उरला! आपण मापात सुधारणा केली, पंधरा मीटरच्या जागी दीड मीटर आणले, तरी एक कोटी वर्षांचीच सवलत मिळते. पुढे २०११ मध्ये लास्कारच्याच मंडळींना आढळले की सेरेस आणि व्हेस्टा ह्या लघुग्रहांच्या आपसांतल्या धक्क्यांमुळे पृथ्वीच्या कक्षेचा नेमका आकार सहा कोटी वर्षांपलीकडे काढताच येणार नाही. जे पुढचे तेच मागचे. डायनोसॉर सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले. त्या वेळी पृथ्वीची कक्षा नेमकी कशी होती, हे गणिताने मागे जाऊन नक्की सांगता येत नाही.

शास्त्रज्ञ ह्या प्रकाराला केऑस म्हणतात. मराठीत काय म्हणावे, ह्यावर आमच्या फराळाच्या बैठकीत चर्चा झाली. अनागोंदी म्हणावे, तर नियम पाळला जातोच आहे. अण्णा म्हणाले, “गोंधळ म्हणा.” पुतणीने आधी नाक मुरडले. मग तिलाच तो शब्द आवडला. कारण आपल्याकडे गोंधळाला दोन अर्थ आहेत. एक, पाहुणे येऊन थडकले आणि गॅस संपला म्हणजे होतो तो. आणि दुसरा, लग्नानंतर कुलस्वामिनीसाठी घालतात तो. ह्या दुसऱ्या गोंधळात संबळ कडाडत असते, तुणतुणे वाजत असते, दिवटी पेटलेली असते. नवख्या माणसाला सारा कल्लोळ वाटावा. पण चौक कसा भरायचा, कोणत्या देवाला कोणाच्या मागून बोलवायचे, आख्यान केव्हा लावायचे, हे सगळे ठरलेले असते. गोंधळी पुढच्या क्षणी कोणती गिरकी घेईल हे सांगता येत नाही. पण त्याचा ताल चुकत नाही. ग्रहांचा गोंधळ हा ह्या जातीचा आहे.

दहा कोटी वर्षांचे गणित दूर राहिले. काही महिन्यांचेही पंचांग निघू नये अशी एक जागा सूर्यमालेत आहे. शनीला हायपेरियन नावाचा एक उपग्रह आहे. १८४८ साली तो सापडला. दिसायला एखाद्या वेड्यावाकड्या बटाट्यासारखा, आणि अंगावर स्पंजासारखी भोके. शनीभोवती तो एकवीस दिवसांत एक फेरी नियमाने पुरी करतो. पण स्वतःभोवती कसा फिरतो म्हणाल, तर त्याचा काही धरबंध नाही. त्याचा आकार लांबोडा, कक्षा लंबगोल, आणि टायटन हा बलाढ्य शेजारी ती कक्षा गोल होऊ देत नाही. त्यामुळे शनीची ओढ त्याला दर वेळी वेगळ्या बाजूने पिरगाळते. तो असाच गडबडा लोळत असणार, असे विझ्डम, पील आणि मिन्यार ह्या तिघांनी १९८४ साली गणिताने सांगितले, आणि पुढे वेध घेतल्यावर ते खरे ठरले. तिथे उद्या सूर्य कोणत्या बाजूला उगवेल, दिवस किती घटकांचा होईल, हे थोड्या महिन्यांपलीकडे सांगता येत नाही. हायपेरियनवर कॅलेंडरांचा धंदा काढणारा माणूस पहिल्याच वर्षी देशोधडीला लागेल.

उलट प्लुटोची गोष्ट पाहा. २००६ साली त्याचे ग्रहपद गेले आणि तो बटुग्रह झाला. वडील तोवर हयात नव्हते हे एका परीने बरेच झाले. ह्या प्लुटोची वाट नेपच्यूनच्या वाटेच्या आत शिरते. १९७९ पासून १९९९ पर्यंतची वीस वर्षे तो नेपच्यूनपेक्षा सूर्याला जवळ होता. मग दोघांची कधी टक्कर होईल का? १९६५ साली कोहेन आणि हबर्ड ह्यांनी संगणकावर पाहिले, तेव्हा कळले की नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लुटोच्या दोन होतात, आणि हा मेळ असा बसला आहे की एक जण त्या भागात येतो तेव्हा दुसरा दूर असतो. म्हणजे केतकर ज्या जातीचा मेळ शोधीत होते, तसा मेळ तिथे खरोखरच होता, फक्त निराळा. पुढे १९८८ मध्ये सस्मन आणि विझ्डम ह्यांनी प्लुटोची साडेचौऱ्याऐंशी कोटी वर्षांची वाटचाल काढली. ती गोंधळाची निघाली. त्याच्या जागेतली चूक दर दोन कोटी वर्षांनी पावणेतीन पट होते. तरी त्या साऱ्या काळात तो नेपच्यूनवर आदळला नाही की सूर्यमाला सोडून पळाला नाही. तो नेमका कुठे असेल ते सांगता येत नाही; पण नांदत असेल, हे सांगता येते. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला पुतणीने त्या दिवाळीत समजावून दिले. मी मान डोलावली. विषय मनोरंजक होता, आणि कोटी वर्षांच्या गोष्टींना मान डोलवायला काही पडत नाही.

त्यानंतरच्या श्रावणात आमच्या हिला दुखणे निघाले. शस्त्रक्रिया करावी लागणार होती. सर्जन भला माणूस होता. त्याने आम्हां दोघांना समोर बसवून सगळे नीट समजावून दिले आणि शेवटी म्हणाला, “बहुतेकांना चांगला गुण येतो. थोड्यांना येत नाही. तुम्ही कोणत्या बाजूला, हे आज मला सांगता येणार नाही.” मी त्याला तीन-तीनदा तेच विचारले. त्यानेही तीनदा तेच उत्तर दिले, न चिडता. ज्या घरात ग्रहणाचे मिनिट आधी सांगता येत होते, त्या घरात वाढलेल्या मला हे उत्तर घेऊन रस्त्यावर आल्यावर कोणत्या बाजूला चालायचे ते सुचेना.

त्या रात्री पुतणीचा फोन आला. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, “काका, आमच्याकडेही असेच उत्तर असते बरे का.” मग तिने मला २००९ सालचे एक गणित सांगितले. लास्कार आणि गास्तिनो ह्यांनी संगणकावर एक नव्हे, २५०१ सूर्यमाला मांडल्या. सगळ्या सारख्या, फक्त दर सूर्यमालेत बुधाची कक्षा मागच्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी सरकवलेली. पहिलीपासून शेवटचीपर्यंत सगळा फरक मिळून एक मीटरसुद्धा नव्हे. कोणत्याही दुर्बिणीला हा फरक कळणार नाही. ह्यांतली कोणतीही एक आपली असू शकेल. मग प्रत्येकीला ५०० कोटी वर्षे पुढे चालवून पाहिले. शंभरातल्या नव्याण्णवांत बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ आपापल्या वाटांवर सुखाने फिरत राहिले. सुमारे एका टक्क्यात मात्र बुधाची कक्षा लांबत लांबत गेली आणि तो शुक्राच्या किंवा सूर्याच्या अंगावर जाण्याच्या बेतात आला. त्यांतल्याच एका कथेला आणखी फाटे फोडून पाहिले, तेव्हा काहींत साडेतीनशे कोटी वर्षांच्या आतच मंगळ किंवा शुक्र पृथ्वीवर येऊन आदळला. “आपली सूर्यमाला त्या नव्याण्णवांतली की त्या एकातली, हे सांगता येत नाही काका. त्यात कोणाचा आळस नाही, अज्ञान नाही. ते सांगताच येत नाही.”

खरे सांगायचे तर त्या रात्री ह्या हकिकतीने माझे समाधान झाले नाही. अडीच हजार सूर्यमालांतल्या पंचवीस बिघडल्या तर शास्त्रज्ञ वहीत नोंद करतात. माझ्या घरात एकच होती. पण फोनचा आवाज मोठा असल्यामुळे ही पलंगावरून सगळे ऐकत होती. ती म्हणाली, “एवढे काय त्यात? आपण उन्हाळ्यात पापड वाळत घालतो तेव्हा वळीव येणार नाही असे कोणी लिहून देते का? घालायचे, आणि आभाळाकडे लक्ष ठेवायचे.” आणि तिने दिवा मालवायला सांगितला.

शस्त्रक्रिया झाली. ही घरी आली. आता जिने चढताना मध्ये थांबते, करंज्या मात्र पूर्वीसारख्याच करते. दर सहा महिन्यांनी आम्ही तपासणीला जातो. रक्त देतो, फोटो काढतो, बाहेरच्या बाकावर बसून राहतो. सर्जन कागद पाहून म्हणतो, “ठीक आहे, आता सहा महिन्यांनी या.” पहिल्या पहिल्यांदा मला वाटे, हे काय उत्तर झाले? सहा महिन्यांचेच? मग हळूहळू ध्यानात आले की पुतणीचा व्यवसायही तंतोतंत हाच आहे.

अपोफिस नावाचा एक लघुग्रह आहे. साडेतीनशे मीटरच्या आसपासचा एक खडक. २००४ साली तो सापडला. त्या डिसेंबरात गणित सांगू लागले की २०२९ च्या एप्रिलात तो पृथ्वीवर आदळण्याचा संभव सदतिसांत एक आहे. खगोलशास्त्रज्ञांनी काय केले? जुन्या छायाचित्रांत धुंडाळले. आधीच्या मार्चमधल्या छायाचित्रांत तो सापडला. नवे वेध जमेला धरून गणित पुन्हा मांडले, आणि २०२९ चे संकट टळल्याचे दिसले. पुढच्या वर्षांची शंका उरली होती. २०२१ च्या मार्चमध्ये रडारने त्याचे अंतर पुन्हा मोजले, आणि निदान शंभर वर्षे तरी त्याची भीती नाही असे ठरले. १३ एप्रिल २०२९ ला, आपल्या घड्याळाने १४ तारखेच्या पहाटे, तो जमिनीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून निघून जाईल. दूरदर्शनचे काही उपग्रह ह्याहून लांब असतात. त्या भेटीत पृथ्वी त्याची वाटच बदलून टाकील. आज सुमारे ३२४ दिवसांत सूर्याला फेरी घालणाऱ्या ह्या खडकाला मग चारशेहून अधिक दिवस लागतील. म्हणून तो गेल्यावर त्याचे पुन्हा वेध घ्यावे लागतील आणि गणित पुन्हा मांडावे लागेल. ह्या शास्त्रात एकदा गणित करून वही मिटता येत नाही. वडिलांचे ते दुसरे वाक्य मला आताशा रोज आठवते. केतकरांनी काय किंवा टिळकांनी काय, पंचांगाच्या भांडणात जे मागितले ते हेच होते : आजोबांचे गणित कितीही चांगले असो, नातवाने वर पाहिले पाहिजे.

आणि वर पाहिले तर धीर देण्याजोगेही पुष्कळ दिसते. लास्कार, जुतेल आणि रोब्युतेल ह्यांनी १९९३ साली ग्रहांच्या आसांचा हिशेब केला. मंगळाचा आस भरवशाचा नाही. कोट्यवधी वर्षांत तो अगदी सरळ उभा राहण्यापासून साठ अंशांपर्यंत कलंडू शकतो. पृथ्वीचा आस मात्र साडेतेवीस अंशांच्या आसपास एखाद-दीड अंशाचाच हेलकावा घेतो. म्हणून आपले ऋतू आपल्या ओळखीचे राहिले, पावसाळ्यामागून दिवाळी येत राहिली. हा आस सावरून धरला आहे चंद्राने. तो नसता तर पृथ्वीचा कल ह्याहून पुष्कळ अधिक हलला असता. पुढच्या मोजण्यांत तो हेलकावा पहिल्या अंदाजापेक्षा कमी निघाला, तरी चंद्राचे ऋण फिटण्याइतका कमी नव्हे. आपल्या बायकांनी चंद्राला पृथ्वीचा भाऊ ठरवून मुलांचा मामा केला, तेव्हा त्यांच्यापुढे कोणतेही समीकरण नव्हते; पण नाते अगदी बरोबर जोडले. हा मामाही दर वर्षी पावणेचार सेंटिमीटरच्या जवळपास आपल्यापासून लांब सरकतो आहे. चंद्रावर ठेवून आलेल्या आरशांवर लेसरचा किरण पाडून ते मोजता येते. पण सरकण्याचा वेग इतका बेताचा आहे, की आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही ओवाळायला तो पुरून उरेल.

कार्तिक शुद्ध द्वितीयेची कोर फार बारीक असते आणि सूर्यामागोमाग लवकर मावळते. ज्या बाईला भाऊ नाही, किंवा ज्याचा भाऊ दूर आहे, ती त्या कोरीला ओवाळते. तिथी कॅलेंडरात छापलेली असते, वेळही दिलेली असते. तरी तबक घेऊन गच्चीवर जावे लागते, पश्चिमेला तोंड करून उभे राहावे लागते, आणि ढग असेल तर तो सरकेपर्यंत थांबावे लागते. हिला सख्खा भाऊ नाही. यंदा आम्ही जरा लवकरच जिना चढायला लागणार आहोत, मधल्या पायरीवर बसायला वेळ मिळावा म्हणून.